वाळवंटातली घोरपड

"आजोबा, इथून कोणाची सायकल गेली?"

नऊ वर्षांच्या माझ्या नातीने हा प्रश्न विचारला तेव्हा आम्ही शारजाच्या म्लेहा भागात, जबल फायाच्या पायथ्याशी वाळूत उभे होतो. एप्रिलमधला शनिवार, सकाळचे साडेसहा. थर्मासमध्ये चहा, डब्यात तिच्या आजीने दिलेले दडपे पोहे, आणि सूर्य नुकताच वर आलेला. अशा तिरप्या उन्हात वाळूवरची बारीकशी खूणही लपत नाही. समोर खरोखरच सायकलच्या चाकाने काढावी तशी एक नागमोडी रेघ टेकडीवरून खाली उतरली होती.

मी तिला वाकून नीट बघायला सांगितले. रेघेच्या दोन्ही बाजूंना, एकाआड एक, पंजांचे ठसे होते आणि प्रत्येक ठशापुढे नखांचे टोचे. सायकलला नखे कुठली?

"ही मधली शेपटीची रेघ," मी म्हटले. "आणि हे पाय. इथून वरल गेलाय. आपली घोरपड असते ना, तिचा इथला भाऊ."

"तानाजीची घोरपड?" मंडळाच्या शिवजयंतीच्या नाटुकल्यात ती मावळा झाली होती, त्यामुळे एवढा इतिहास तिला पाठ आहे.

"तीच. पण हा कडे चढत बसत नाही. हा चालतो."

आम्ही त्या रेघेमागे निघालो. कुठवर गेलो ते शेवटी सांगतो. आधी या प्राण्याशी माझी ओळख कशी झाली ते सांगायला हवे, आणि ती काही फारशी अभिमानाची गोष्ट नाही.

मी अमिरातीत आलो १९९१ साली, आखाती युद्ध संपल्यावर काही महिन्यांनी. एका बांधकाम कंपनीत साइट सुपरवायझर. आठवड्याला सुटी एकच, शुक्रवारची. १९९४ च्या मे महिन्यात आमचे काम अबुधाबी–अल ऐन रस्त्यापासून आत, वाळवंटात चालले होते. पाण्याच्या पाइपलाइनसाठी पुरुषभर खोल चर खणलेला. एके दिवशी नऊच्या सुमारास चहाची वेळ झाली म्हणून फेरी मारायला गेलो, तर चराच्या कडेला ही गर्दी!

खाली तळाशी एक प्राणी पडला होता. वाळूच्याच रंगाचा, पाठीवर आणि शेपटीवर फिकट पट्टे, शेपटीसकट मीटरभर लांब. चराच्या भुसभुशीत भिंतींवर चढायचा प्रयत्न करून तो परत परत खाली घसरत होता. माणसे पाहून त्याने गळा फुगवला, फुसफुसायला लागला, शेपटी चाबकासारखी आपटायला लागला.

आमच्याकडे एक कोवळा बांगलादेशी पोरगा होता. तो ओरडला, "गुईशाप! गुईशाप!"

बंगालीत घोरपडीला गुईशाप म्हणतात, हे मला फार उशिरा कळले. त्या क्षणी सगळ्यांच्या कानात शिरला तो फक्त शेवटचा शब्द, साप. उत्तर प्रदेशचा सुतार म्हणाला, "अरे गोह है, बिसखोपरा. काट ले तो आदमी पानी भी नहीं माँगता." केरळी स्टोअरकीपर लांबूनच "उडुंबु, उडुंबु" करत होता. जितक्या भाषा तितकी नावे, आणि प्रत्येक नावाबरोबर आपापल्या गावची भीती. कुणीतरी फावडे उचलले. पण तो माणूस थांबला. त्याने माझ्याकडे वळून विचारले, "साब, जहरीला है क्या?"

आता मंडळी, मला उत्तर ठाऊक होते. सावंतवाडीकडच्या आमच्या गावात लहानपणी मी घोरपडी पाहिल्या होत्या. खोटे कशाला सांगू, खाल्ल्याही होत्या. चावली तर जखम होते, ती चिघळतेही, पण माणूस मरत नाही, हे मला पक्के माहीत होते. पण मी "नाही" म्हटले, आणि कुणी तिला हुसकायला गेला, चावून घेतला, तर जबाबदारी कोणाची? सुपरवायझरची. नोकरी टिकवायची होती, बायकोच्या व्हिसाचे कागद अजून व्हायचे होते. मी म्हटले, "मालूम नहीं."

दोन घावांत काम झाले. मग सगळे चहाला गेले. तो बांगलादेशी पोरगा मात्र तिथेच उभा होता. मोडक्यातोडक्या हिंदीत तो मला म्हणाला, "हमारा गाँव में पुकुर का पास घूमता है साब. कुछ नहीं करता." पुकुर म्हणजे तळे. तो सावध करायला ओरडलाच नव्हता. परक्या मुलखात गावाकडचे ओळखीचे कोणी दिसावे, तसा ओरडला होता.

आमच्याकडे घोरपडीला मान मोठा आणि आयुष्य थोडे. ४ फेब्रुवारी १६७० ची ती रात्र, सिंहगड, तानाजी मालुसरे आणि दोर लावून कडा चढणारी यशवंती, हे आपल्यापैकी प्रत्येकाला शाळेच्या आधीपासून ठाऊक असते. ही घोरपड आपल्यापर्यंत आली ती पोवाड्यांतून. शिवकाळाला जवळची असलेली सभासदाची बखर मावळे कडा कसे चढले हे सांगताना वानरांची उपमा देते, घोरपडीचे नावही काढत नाही. मुधोळच्या घोरपडे घराण्यात तर याहून जुनी परंपरा सांगतात. बहमनी काळात त्यांच्या पूर्वजाने घोरपडीच्या मदतीने खेळणा किल्ला, म्हणजे आजचा विशाळगड, सर केला आणि त्यावरून हे आडनाव मिळाले. पाच-सात किलोच्या प्राण्याने भरलेल्या माणसाचा भार पेलावा, हे हिशेबात बसत नाही. पण घोरपड एकदा कपारीत शिरली, अंग फुगवून आणि नखे रोवून बसली की तिला ओढून काढणे महाकठीण, हे मात्र शंभर टक्के खरे. "घोरपडीसारखा चिकटलाय" हे आपण उगाच म्हणत नाही.

आणि मान देऊन आपण केले काय? आमच्या घरी गणपतीच्या आरतीला घुमट वाजायचे. तळकोकणात आणि गोव्यात हे वाद्य घरोघर. मातीचे मडके, दोन्हीकडे तोंडे, मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसवलेले. ते कातडे घोरपडीचे. माझे काका घुमट फार सुंदर वाजवायचे. कुणी कातड्याची तारीफ केली की म्हणायचे, "आवाज कातड्याचो नाय रे, हाताचो असता." मांस कमरेला चांगले, चरबीचे तेल सांधेदुखीला चांगले, असे म्हणून उरलेलेही संपवायचे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला वाघाच्या पंक्तीला, पहिल्या परिशिष्टात बसवले आहे. पण गावात हे सांगणार कोण आणि ऐकणार कोण!

त्या मे महिन्यानंतर मी या प्राण्याबद्दल मिळेल ते वाचायला लागलो. इथे निसर्गप्रेमींची मंडळे जुनी आहेत. अबुधाबीच्या अशाच एका मंडळाचे 'ट्रिब्युलस' नावाचे नियतकालिक १९९१ मध्ये सुरू झाले, त्यात अमिरातीतल्या पशुपक्ष्यांवर लेख असायचे. १९९९ मध्ये शारजा–धैद रस्त्यावरच्या डेझर्ट पार्कमध्ये अरबस्तानातल्या प्राण्यांचे संग्रहालय उघडले, तेव्हा मुलांना घेऊन गेलो. काचेपलीकडचा वरल बराच वेळ माझ्याकडे बघत होता, की मला तसे वाटले, कोण जाणे.

पहिली गंमत कळली ती नावाची. अरबीत या प्राण्याला म्हणतात वरल. १८२० मध्ये ब्लासियस मेरेम या जर्मन शास्त्रज्ञाने घोरपडीच्या सगळ्या कुळाला 'व्हॅरानस' असे नाव दिले, ते या अरबी शब्दावरूनच. पुढे कुणाला तरी त्यात 'इशारा देणे' या अर्थाचा जर्मन शब्द ऐकू आला. मग 'मगर आली की हा इशारा देतो' अशी समजूत त्याला येऊन चिकटली आणि इंग्रजीत तो 'मॉनिटर' झाला. म्हणजे आपल्या वर्गातला मॉनिटर! अरबी शब्द चुकीचा ऐकला गेला आणि प्राण्याला कायमची नोकरी लागली. गुईशापाच्या बाबतीत ऐकण्यातली चूक जिवावर बेतली होती, हे तेव्हा मला फार लागले.

अमिरातीतला हा वरल लांबीने इथला सर्वांत मोठा सरडा. मोठा नर मीटरच्या वर जातो, आणि त्यात निम्म्याहून जास्त शेपटीच. उत्तर आफ्रिकेपासून अरबस्तान, इराण ओलांडून थेट आपल्या राजस्थानातल्या थरपर्यंत त्याची वस्ती आहे. तेव्हा हा परका मुळीच नाही, आपल्या घोरपडीचा चुलतभाऊ आहे. पुष्कळ लोक त्याची आणि धबची गल्लत करतात. धब म्हणजे तो जाडजूड, काटेरी शेपटीचा, पाला खाऊन राहणारा सरडा. बदू लोक पूर्वी धब आवडीने खायचे. वरल मात्र पक्का मांसाहारी. भुंगे, विंचू, पाली, उंदीर, पक्ष्यांची अंडी, धबची पिल्ले, आणि साप. विषारी सापसुद्धा. बिचाऱ्याला आम्ही 'साप' म्हणून मारले, आणि तो साप खाणारा निघाला!

वाळवंटात अन्न एका जागी कधीच नसते. इथे एक भुंगा, तिकडे अर्ध्या मैलावर एक बीळ. म्हणून वरलाला चालावे लागते. दिवसात काही किलोमीटर तो सहज चालतो. एका झुडपापासून दुसऱ्या झुडपापर्यंत, प्रत्येक बिळात डोकावत, वाटेत जीभ आत-बाहेर करत. ती जीभ म्हणजे त्याचे नाक. सापासारखी खोल दुभंगलेली. हवेतला वासाचा कण ती टिपते आणि टाळूतल्या एका खास इंद्रियापर्यंत पोचवते. डाव्या टोकाला वास जास्त लागला की डावीकडे वळायचे, उजव्या टोकाला लागला की उजवीकडे. अंधाऱ्या जिन्यात आपण भिंत चाचपडत जातो ना, तसा हा वास चाचपडत जातो.

चालण्यासाठी दम हवा. साध्या सरड्याची पंचाईत अशी, की धावताना शरीर डावीकडे-उजवीकडे वळवणारे स्नायू आणि श्वास घेणारे स्नायू एकच. त्यामुळे जोरात पळताना त्याला नीट श्वासच घेता येत नाही. थोडे पळायचे, थांबायचे, धापा टाकायच्या. घोरपडीच्या कुळाने यावर तोड काढली आहे. ही मंडळी गळ्याने हवा भात्यासारखी फुप्फुसात ढकलतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिले. गळा फुगवणे म्हणजे नुसते भिववणे नव्हे, तो त्यांचा दुसरा दम आहे.

आणि ऊन? जून-जुलैत इथली वाळू साठ अंशांच्या वर तापते. अनवाणी पाय ठेवून बघा, म्हणजे कळेल! वरलाला ऊन लागते खरे, पण बेताने. सकाळी बिळाच्या तोंडाशी बसून तो अंग तापवतो. ते साधारण आपल्या अंगाइतके ऊबदार झाले की निघतो. दुपारी ऊन डोक्यावर आले की पुन्हा जमिनीखाली. बीळ स्वतः खणतो, नाहीतर दुसऱ्याचे रिकामे बीळ बळकावतो. वर भट्टी पेटलेली असली तरी हातभर, दोन हात खाली वाळू बरीच थंड असते, थोडी ओलही असते. पाणी प्यायला मिळाले तर ठीक, नाहीतर शिकारीच्या अंगातला ओलावा पुरतो. उन्हाळ्यात मादी अशाच खोल जागी दहा-वीस अंडी घालते आणि निघून जाते. पिल्ले आपली आपण बाहेर येतात आणि पहिल्या दिवसापासून आपले पोट भरतात.

नोव्हेंबरात थंडी सुरू झाली की वरल बिळात शिरतो तो मार्चच्या आसपास बाहेर येतो. हे वाचले तेव्हा मी कपाळावर हात मारला. आपले पाहुणे भारतातून येतात केव्हा? डिसेंबर-जानेवारीत. त्यांना डेझर्ट सफारीला नेतो, तेव्हा हा गाढ झोपलेला. हा जागा होऊन ऐन भरात असतो तो उन्हाळ्यात. त्या वेळी शाळांना सुटी, आपण विमान पकडून गावाला. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर एवढीच काय ती आपली गाठभेट, तीही भल्या सकाळी उठलो तर. तीस-तीस वर्षे इथे काढलेल्या माणसांना जेव्हा मी वरलाबद्दल सांगतो, तेव्हा ती म्हणतात, "छे हो, इथे कुठली घोरपड!" एकाच चाळीत रात्रपाळीचा आणि दिवसपाळीचा असे दोन शेजारी असावेत आणि आयुष्यभर एकमेकांचे तोंड दिसू नये, तसे आहे हे.

ज्यांची पाळी त्याच्याशी जुळत असे त्यांना मात्र तो चांगला ठाऊक होता. काही वर्षांपूर्वी म्लेहाजवळ एका उंटांच्या गोठ्यापाशी आमची गाडी रुतली. एक वयस्क अमिराती गृहस्थ मदतीला आले. त्या पिढीतल्या अनेकांसारखे तेही हिंदी छान बोलत होते. टायरची हवा कमी करता करता गप्पा निघाल्या आणि मी वरलाचा विषय काढला. ते हसले. म्हणाले, "वरल मिस्कीन है, सदीक. वो अपना रस्ता, तुम अपना रस्ता." मिस्कीन म्हणजे गरीब बिचारा. मग त्यांनी जवळचे एक बुटके झुडूप दाखवले. पांढरी बारीक फुले, खरखरीत पाने, आपल्या भुरुंडीच्या गोतातले. म्हणाले, वरल सापाशी झुंजला की या झाडात येऊन लोळतो, म्हणजे त्याला विष बाधत नाही. आमचे बापजादे सापाच्या दंशावर हेच लावायचे. नाव विचारले तर म्हणाले, "रमराम." मला ऐकू आले "रामराम", आणि मीही हात जोडून रामराम केला! गैरसमज मिटल्यावर दोघेही पोट धरून हसलो. आपल्याकडे मुंगूस सापाशी भांडल्यावर मुंगूसवेल खातो म्हणतात, ही अगदी तीच गोष्ट. वेल किंवा झुडूप विष उतरवते असा पुरावा नाही. साप चावला तर सरळ इस्पितळ गाठा. पण अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवरच्या माणसांना सारखेच कोडे पडावे आणि त्यांनी सारखेच उत्तर शोधावे, याची मजा वाटते.

कुळातले खरे राक्षस पाहायचे तर इंडोनेशियात जायला हवे. कोमोडो बेटावरची घोरपड तीन मीटरपर्यंत वाढते आणि रेडा-हरणांना लोळवते. शास्त्राला तिची ओळख १९१२ मध्ये झाली. २००६ मध्ये इंग्लंडमधल्या प्राणिसंग्रहालयांतल्या मादींनी नराशिवाय अंडी उबवून दाखवली, आणि २०२४ मध्ये कळले की तिच्या दातांच्या कडांवर लोखंडाचा मुलामा असतो. पण माझी आवडती हकिगत आहे ती आपल्या शेजारच्या येमेनची. तिथली एक मोठी घोरपड शास्त्रज्ञांना कशी सापडली माहीत आहे? व्होल्फगांग ब्योमे नावाचे जर्मन सरीसृपतज्ज्ञ १९८० च्या दशकात घरी टीव्हीवर येमेनवरचा माहितीपट बघत होते. त्यात क्षणभर एक घोरपड दिसली आणि ते ताडकन उठले, कारण अशी घोरपड तिथे असल्याचे कोणालाच ठाऊक नव्हते. १९८९ मध्ये तिची नवी जात म्हणून नोंद झाली. येमेनी गावकरी तिला पिढ्यान्‌पिढ्या बघत आलेच असणार. त्यांना कोणी विचारले नव्हते, इतकेच.

इथल्या वरलाचे पुढे काय, हा प्रश्न सोपा नाही. घोरपडीसारखे चिकटून राहणाऱ्याचे एका कपारीत भागते, पण ज्याचे पोट चालण्यावर अवलंबून आहे त्याला मोकळी जमीन लागते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ती जमीन रस्त्यांनी, वसाहतींनी, चरांनी आणि टेकड्या घुसळणाऱ्या गाड्यांनी चिरली गेली. त्यातले काही चर माझ्याच देखरेखीखाली खणले गेले, हे कसे विसरू? सकाळी अंग तापवायला गरम डांबरी रस्ता सोयीचा वाटतो आणि तिथेच घात होतो. चांगल्या बाजूनेही सांगायला हवे. १९९९ च्या २४ क्रमांकाच्या संघीय कायद्यात पर्यावरणाबरोबर इथल्या वन्य प्राण्यांच्या रक्षणाचीही तरतूद झाली. २००३ मध्ये दुबईने २२५ चौरस किलोमीटरचे वाळवंट राखीव केले, त्यात बेफाम गाड्या घालायला मनाई आहे. वन्य प्राण्यांच्या व्यापारावरच्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आपली घोरपड आणि इथला वरल, दोघेही आहेत.

आणि गावाकडेही काही बदलते आहे. २०१७ मध्ये भारतात एक भोंदूगिरी उघडी पडली. 'हत्ताजोडी' नावाची दुर्मिळ मुळी म्हणून पूजेसाठी जे विकले जात होते, ते घोरपडीच्या नराचे वाळवलेले अवयव निघाले. लक्ष्मी यावी म्हणून लोक काय देव्हाऱ्यात ठेवत होते, विचार करा! घुमटाचे मात्र चांगले झाले. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला, आणि आता त्यावर बकऱ्याचे कातडे चढवतात. काकांचे घुमट आज माझ्या पुतण्याकडे आहे. मागे गणपतीला तो शारजाला आला होता, तेव्हा आमच्या दिवाणखान्यात बकऱ्याच्या कातड्याच्या नव्या घुमटावर त्याने आरती धरली. डोळे मिटून ऐकले. काकांचेच म्हणणे खरे. आवाज हाताचाच असतो.

तर आता पुन्हा त्या एप्रिलच्या सकाळी. ज्या फायाच्या पायथ्याशी सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या माणसाची दगडी हत्यारे सापडली आणि ज्याला २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, त्याच्या साक्षीने आम्ही आजा-नात शेपटीच्या रेघेमागे चाललो होतो. वरल एका झुडपापाशी थांबला होता, तिथे त्याने उकरले होते. पुढे एका बिळात डोकावून तो परतला होता. नात प्रत्येक ठिकाणी सांगायची, "इथे त्याला काही मिळालं नाही," "इथे मिळालं वाटतं." असे करता करता रेघ रस्त्याच्या कडेला आली आणि डांबरावर संपली.

ती एकदम गप्प झाली. रस्त्यावर काही पडलेले दिसते का, हे बघायची तिला भीती वाटत होती. मलाही वाटत होती. तेव्हा का कोण जाणे, मी तिला १९९४ ची ती गोष्ट सांगितली. घरात आजवर कुणालाच सांगितली नव्हती. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पण तुम्हाला माहीत होतं ना? मग सांगितलं का नाहीत?"

मी म्हटले, "घाबरलो."

"वरलला?"

"नाही गं. नोकरीला."

रस्त्यावर आलेली वाळू काढणारे दोन कामगार जवळच होते. आम्हाला वाकून काय शोधताहेत म्हणून त्यांतला एक आला. "कुछ गिर गया क्या, साब?" मी त्याला ठसे दाखवले. "अरे, ये तो गोह है," तो म्हणाला. पाटण्याकडचा होता. मग त्याने विचारलेच. "जहरीला होता है न?"

मी त्याला सगळे सांगितले. माणसाला मारणारा नाही, उलट साप खातो, कोंडीत पकडले तरच चावतो, वाट मोकळी ठेवली की निघून जातो, चरात पडला तर तिरकी फळी लावून द्यायची. तो फावड्यावर हात ठेवून ऐकत राहिला. म्हणाला, "हमको तो बचपन से उल्टा बताया था." मग आपल्या जोडीदाराला हाक मारून त्यालाही ठसे दाखवायला लागला.

तोवर नात रस्ता ओलांडून पलीकडे गेली होती. तिथून तिची हाक आली, "आजोबा, आहे! इथे परत आहे!"

रस्त्यापलीकडे, दहा-बारा पावलांवर, नागमोडी रेघ पुन्हा सुरू झाली होती आणि नखांचे टोचे घेऊन पुढच्या टेकडीवर चढली होती. ऊन चढायला लागले होते. आम्ही तिथेच बसून पोहे खाल्ले आणि परत फिरलो.

तुम्हीही कधी मार्च-एप्रिलात किंवा ऑक्टोबरात सकाळी लवकर उठून वाळवंटाकडे गेलात, तर वाळूवर सायकलची रेघ दिसते का बघा. दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना नखे शोधा. स्वतः वरलच दिसला तर दहा हात दूर उभे राहा, त्याच्यामागे पळू नका, गाडी तर नकोच नको. आणि कुणी तुम्हाला विचारले, हा विषारी आहे का, तर "माहीत नाही" म्हणू नका. आता तुम्हाला माहीत आहे.